सही कुणाची चालते?

दहावीचा निकाल लागला की आमच्या ओटीखाली चपलांची गर्दी होते. मी आयटीआयत सत्तावीस वर्षं निदेशक होतो, वीजतंत्री व्यवसायाचा. निवृत्त होऊन आपट्याला राहायला आलो त्यालाही बरीच वर्षं झाली. तरी गावात ‘सर’ म्हटलं की मीच, आणि निकालानंतरचे पंधरा दिवस माझी ओटी म्हणजे चौकशीची खिडकी. प्रश्न ठरलेला असतो : “सर, आयटीआय करून मिळतं काय?” बाप विचारतो तेव्हा त्याला आकडा हवा असतो. आई विचारते तेव्हा तिलाही आकडा हवाच असतो, पण त्याच्या पोटात दुसरा प्रश्न दडलेला असतो : खांबावर चढावं लागेल का?

या दोन्ही प्रश्नांची उत्तरं मी ओटीवर एकेकाला देत असतो. आज सगळ्यांनाच देतो. बसा निवांत.

परवा आलेलं जोडपं डोळ्यांसमोर आहे. वडील पाताळगंगा एमआयडीसीत कंत्राटावर, आई घरचं शेत आणि दोन म्हशी बघणारी. पोराला ६८ टक्के. मार्कलिस्ट प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पदराखाली, कारण पाऊस भुरभुरत होता. पोरगा मात्र पायरीवरच बसून राहिला, आपला विषय चाललाय हे जणू त्याला माहीतच नाही. वडील म्हणाले, “सायन्सला घालायला ऐपत नाय, आणि टक्केपण तसेच. म्हटलं, आयटीआयला टाकून देऊ.”

‘टाकून देऊ’ हे शब्द मी इतक्यांदा ऐकलेत की आता राग येत नाही, पण खोडून काढल्याशिवाय राहवतही नाही. सरकारी आयटीआयचे प्रवेश दहावीच्या गुणांवर, ऑनलाइन, गुणवत्ता यादीनं होतात. वीजतंत्री हा मागणीचा व्यवसाय. चांगल्या संस्थेत त्याची यादी बऱ्याचदा अशा टक्क्यांवर बंद होते की सायन्सवाल्यांनीही वर बघावं. त्यामुळे टाकायचं म्हटलं तरी तिथं टाकता येत नाही, जागा मिळवावी लागते. वीजतंत्रीला नंबर नाही लागला तर तारतंत्री आहे, म्हणजे वायरमन. तोही दोन वर्षांचाच, आणि त्याची दारं दहावी न सुटलेल्या मुलालाही बंद नसतात. फॉर्मवर ही मराठी नावं दिसली की पालक गोंधळतात. वीजतंत्री म्हणजे इलेक्ट्रिशियन, जोडारी म्हणजे फिटर, संधाता म्हणजे वेल्डर, कातारी म्हणजे टर्नर. एका वडिलांनी संधाता वाचून “हे संध्या करायला शिकवतात काय?” असं विचारलं होतं. त्यांचा पोरगा आज पाइपलाइनवर वेल्डर आहे आणि संध्या काही करत नाही.

असो. मी समोर पडलेली एक जुनी लग्नपत्रिका उलटी केली आणि पेन्सिलनं मधोमध रेघ ओढली. डावीकडे जाणारं, उजवीकडे येणारं.

डावीकडे पहिली फी. सरकारी आयटीआयचं वर्षाचं शुल्क तुमच्या खिशातल्या मोबाइलच्या किमतीहून कमी असतं. तिथं अडू नका. मग गणवेश, सेफ्टी शूज, वह्या, ड्रॉइंगचं सामान. स्वतःची पक्कड, टेस्टर, स्क्रू ड्रायव्हरचा संच. संस्थेची हत्यारं असतात, पण हात आपल्या हत्यारावरच बसतो. मग रेल्वेचा पास. आपट्याहून पनवेलला मेमूनं जायचं तर मध्ये रसायनी आणि सोमाटणे अशी दोनच स्टेशनं, पण गाड्या मोजक्या. सकाळची चुकली की पहिला तास बुडाला, आणि संध्याकाळची चुकली की रिक्षाचं भाडं. दुपारचा डबा घरून जाईल, तरी पोरगं वडापाव खाणारच, तोही लिहा. दोन वर्षांचं सगळं मिळून आम्ही पस्तीस हजार धरले. विद्यावेतनही असतं, पात्र विद्यार्थ्यांना. अगदी परवापरवापर्यंत ते महिन्याला ४० रुपये होतं. हो, चाळीस. मी हजेरीपुस्तकाबरोबर त्याची यादी करायचो तेव्हा कागदाची किंमत त्याहून जास्त पडते की काय असं वाटायचं. आता ते ५०० केलंय. निदान पासाला हातभार लागतो.

वडील म्हणाले, “एवढंच ना? मग परवडतं.”

“थांबा,” म्हटलं, “खरी फी अजून लिहायचीय.”

या दोन वर्षांत तो कमावणार नाही, ती खरी फी. शेजारचा पोरगा दहावीनंतर सरळ कंपनीत हेल्परला लागला आणि महिन्याला बारा हजार आणू लागला, असं धरा. दोन वर्षांचे झाले दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार. हे तुमच्या खिशातून जात नाहीत म्हणून दिसत नाहीत, पण दिवाळीला शेजारी नवी बाइक आली की बरोब्बर दिसतात. घरात कुरकुर सुरू होते ती फीपायी नसते, या न दिसणाऱ्या रकमेपायी असते.

पण इथं एक गंमत आहे, आणि माझ्या ओटीवर येणाऱ्या दहा पालकांतल्या नऊ जणांच्या ती लक्षात आलेली नसते. तुमचा पोरगा सोळाचा आहे. अठरा पूर्ण झाल्याशिवाय धोक्याच्या कारखान्यात त्याला कामाला घेता येत नाही, कायदाच आहे. आणि आपल्या आजूबाजूला रसायनी, पाताळगंगा, तळोजा, म्हणजे बहुतेक केमिकलच. सोळा ते अठरा ही दोन वर्षं तशीही रीतसर बाजारात विकली जात नाहीत. मग दहावीनंतर लगेच आयटीआयला गेलेल्या पोराचे ते दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार बुडालेच नाहीत, कारण ते त्याला मिळणारच नव्हते. तेच सर्टिफिकेट वीस वर्षांचा मुलगा घ्यायला येतो तेव्हा त्याची पूर्ण किंमत मोजतो. बारावी सायन्सला दोनदा गटांगळ्या, मग एक वर्ष इकडेतिकडे, मग “चला, आयटीआय करू.” माझ्या वर्गात असे दरवर्षी चारपाच असायचे. शिकायचे मन लावून, सोळा वर्षांच्या पोरांपेक्षा जास्त, पण घड्याळाकडे बघत. म्हणून मी म्हणतो, आयटीआय करायचंच असेल तर आधी करा. हरल्यावर करायची गोष्ट म्हणून मागं ठेवाल तर तीच महाग पडते.

आणि आधी केल्यानं पुढचे रस्ते बंद होतात, ही भीती काढून टाका. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्या मुलाला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय आहे. माझे काही विद्यार्थी त्या वाटेनं इंजिनिअर झाले. सगळ्यांनी व्हायलाच पाहिजे असं नाही.

आता या दोन वर्षांत शिकवतात काय, तेही बघा, कारण तुम्ही विकत घेताय ते हे. पहिले कितीतरी दिवस पोरगा घरी येऊन सांगेल, “आज काय नाय, तार जोडली.” उद्याही तार जोडली. चिडू नका. तार जोडायचे प्रकार असतात : उंदराच्या शेपटीसारखा पीळ, वेस्टर्न युनियन, ब्रिटानिया, मॅरिड जॉइंट. सोललेल्या तांब्याला नुसत्या बोटांनी पीळ देऊन बघा, दहाव्या मिनिटाला बोटाची टोकं लाल होतात. सैल जोड म्हणजे तिथं उष्णता, आणि उष्णता म्हणजे काही महिन्यांनी कुणाच्या तरी घरात जळका वास. मी पोरांना जोड देऊन म्हणायचो, “ओढ.” सुटला तर पुन्हा. एका पोराला मी सलग अकरा वेळा करायला लावला. त्याच्या आईनं येऊन तक्रार केली, “सर पोराला छळतात.” पुढं मोटार रिवायंडिंग, स्टार-डेल्टा स्टार्टर, मेगर, अर्थिंगचा खड्डा, ट्रान्सफॉर्मर. दोन वर्षांच्या शेवटी थिअरीची परीक्षा कॉम्प्युटरवर आणि प्रात्यक्षिक हातानं. पास झाला की राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र.

हे हातात आलं की पालक पेढे वाटतात, आणि माझी काळजी तिथून सुरू होते. कारण पत्रिकेवरच्या उजव्या बाजूला, ‘येणारं’ लिहायला, अजून काही नसतं.

पुढचं वर्ष शिकाऊ उमेदवारीचं, म्हणजे अप्रेंटिस. कायदा १९६१ चा. पोरगा अठराच्या आत असेल तर करारावर पालकाची सही लागते, तेव्हा वाचून करा. २०१९ च्या नियमांत किमान विद्यावेतन शिक्षणानुसार महिना ५,००० ते ९,००० च्या दरम्यान ठरवलं, आयटीआयवाल्याचं त्यात ७,०००. पत्रिकेवर आम्ही सात लिहिले. एव्हाना शेजारचा हेल्पर, तोही अठराचा झालेला, बारा घेतोय. फरक पाच हजारांचा. वर्षाचे साठ. ते डावीकडे टाका, आणि हे खरेखुरे जाणारे आहेत.

याच वर्षात पोरं गळतात. कंपनीत त्याला कोणी केबलचा ड्रम ढकलायला लावतं, कोणी चहा आणायला. मी स्वतः शिकाऊ होतो तेव्हा पहिले दोन महिने एका कारखान्यात पॅनल रूमची फरशी पुसली. पुसता पुसता कुठल्या फीडरला कुठली मोटार हे पाठ झालं, तेवढं पदरात पडलं. संध्याकाळी पोरगा घरी आला की “सात हजारात काय होतं?” असं त्याच्या कानावर घालू नका. “आज काय उघडलं, काय जोडलं?” असं विचारा. आठवडाभर उत्तर “कायच नाय” आलं तर मग त्याला म्हणा, सुपरवायझरकडे जाऊन काम माग. मागणाऱ्याला मिळतं. सगळीकडे मिळतं असं नाही म्हणणार मी, पण गप्प बसणाऱ्याला कुठंच मिळत नाही.

उमेदवारी संपली, राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र आलं, नोकरी लागली. पहिला पगार? एमआयडीसीत कंत्राटदाराकडून लागला तर पंधरा हजार धरू. आम्ही लिहिला. शेजारच्या हेल्परचा आता तेरा झालाय. मघापासून गप्प बसलेल्या आई इथं बोलल्या : “तीन वर्षं घालवून दोन हजार जास्त? एवढ्यासाठी?”

बाई बरोबर बोलल्या. तिथंच थांबायचं असेल तर एवढ्यासाठी करू नका. सर्टिफिकेट फ्रेम करून गणपतीच्या फोटोशेजारी लावायचं असेल तर ते तेवढ्याचंच आहे. गावाचं नाव आपटा, सर्टिफिकेट म्हणजे कागद, त्यावरून सोन्याच्या पानाची कोटी करायचा मोह मला दरवर्षी होतो आणि दरवर्षी मी तो आवरतो.

मी त्यांना सहीची गोष्ट सांगितली.

घराला नवीन मीटर घ्यायचं असेल तर महावितरणच्या अर्जाबरोबर टेस्ट रिपोर्ट लागतो. घरातलं वायरिंग तपासलंय, इन्सुलेशन ठीक आहे, अर्थिंग ठीक आहे, असं परवानाधारक विद्युत ठेकेदारानं सहीशिक्क्यानिशी लिहून द्यायचं. आता आपल्या गावात वायरिंग कोण करतो, ते तुम्हाला माहीत आहे. हाताखाली राहून शिकलेला एखादा पोरगा, चुणचुणीत, कामाला चोख. भिंती फोडतो, पाइप टाकतो, बोर्ड बसवतो, चार दिवस घाम गाळतो. आणि पाचव्या दिवशी बाजारात जाऊन दुसऱ्याची सही विकत आणतो. सही करणाऱ्यानं घर बघितलेलंही नसतं. मी अशा सह्या बघितल्यात, नाव घेत नाही. काम याचं, जबाबदारी कागदावर त्याची, आणि आग लागली तर दोघंही बेपत्ता.

दुसऱ्याची सही विकत आणणारा आणि स्वतः सही करणारा, या दोघांच्या मधलं अंतर म्हणजे तुमच्या आयटीआयची मिळकत. कायद्यानं विजेचं काम परवानाधारक ठेकेदारानंच करायचं, आणि त्याच्याकडची माणसं परवाना किंवा प्रमाणपत्र असलेली हवीत. राज्याच्या विद्युत निरीक्षण यंत्रणेचं अनुज्ञापक मंडळ हे परवाने देतं : आधी तारतंत्रीचा परवाना, मग अनुभवानं पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र, मग ठेकेदाराचा परवाना. या शेवटच्या परवान्यासाठी मेगर, अर्थ टेस्टर अशी उपकरणं दाखवावी लागतात. या जिन्याची पहिली पायरी आयटीआयचं सर्टिफिकेट. हेल्परला हा जिनाच नाही. तो पाचव्या वर्षीही हेल्पर असतो, दहाव्या वर्षी जुना हेल्पर. मी पत्रिकेवर पाचव्या वर्षाची रेघ ओढली, हेल्परच्या पुढं सोळा हजार लिहिले, आणि तुमच्या पोरापुढं जागा मोकळी सोडली. वडिलांनी विचारलं, “तिथं किती?” म्हटलं, तो जिना चढला की नाही त्यावर. पर्यवेक्षक झाला तर सोळाला हात लावणार नाही. नाही चढला तर सतरा-अठरावर अडकेल. खोटा आकडा मी लिहीत नाही.

मग सरकारी नोकरी. हा विषय निघाल्याशिवाय आमच्याकडचा कप रिकामा होत नाही. महावितरणनं २०२३ च्या शेवटी विद्युत सहाय्यकाच्या ५,३४७ जागांची जाहिरात काढली होती. मानधन पहिल्या वर्षी महिना १५,०००, दुसऱ्या वर्षी १६,०००, तिसऱ्या वर्षी १७,०००, आणि मग तंत्रज्ञ म्हणून कायम होण्याची वाट. वयोमर्यादा खुल्या वर्गाला सत्तावीस. रेल्वेतही तंत्रज्ञ, सहाय्यक लोको पायलट अशा पदांना आयटीआय चालतं. आपल्या स्टेशनात पूर्वी शूटिंगवाले यायचे, ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’मधली ती शेवटची गाडी इथलीच. १९९५ च्या त्या सिनेमात फलाटावर डोक्यावर मोकळं आभाळ आहे. आता तिथं २५,००० व्होल्टची तार आहे, पनवेलपासून थेट कोकणात. ती तार कुणीतरी टाकलीय आणि कुणीतरी रोज सांभाळतंय. तेव्हा फॉर्म भरा, जरूर भरा. पण राज्यभरच्या पाच हजार जागा आणि दरवर्षी बाहेर पडणारी पोरं यांचा मेळ डोक्यात ठेवा, आणि नुसत्या जाहिरातीची वाट बघत पोराला दोन-तीन वर्षं घरी बसवू नका. तेवढ्यात हाताला गंज चढतो. ‘साहेबांशी ओळख आहे, एवढे द्या’ म्हणणारा कोणी भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. चहासुद्धा नको.

आमच्या भागात एक जुनं खूळ आहे, ‘कंपनीत चिकटला की जन्माचं कल्याण’. रसायनीत हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स जोरात होती तेव्हा तिथं चिकटलेल्या जावयाला वेगळा मान असायचा. २०१७ मध्ये केंद्रानं तो कारखाना बंद करायचं ठरवलं. रॉकेटसाठीचं रसायन बनवणारा भाग तेवढा इस्रोकडे गेला. त्यानंतरच्या वर्षात माझ्या ओटीवर चाळिशी-पन्नाशीची माणसं येऊन बसायची. ज्यांच्या हातात व्यवसाय होता, वीजतंत्री म्हणा, जोडारी म्हणा, ती आज ना उद्या कुठंतरी लागली, पगार कमी झाला तरी. ‘मी कंपनीत होतो’ एवढंच ज्यांच्याकडे सांगायला होतं, त्यांचं अवघड झालं. त्यातल्या एकाला मी काय सांगावं हे मला सुचलं नव्हतं. त्याला चहा दिला.

आणि विजेचं काम इथून कुठं जाईल, याची काळजी मला नाही. खालून वाहते ती पाताळगंगाच बघा. लोणावळ्याच्या बाजूची धरणं, त्यांचं पाणी घाटातून पाइपांनी खाली खोपोलीला, तिथं टाटांचं वीजघर १९१५ पासून, आणि वीज काढून घेतलेलं ते पाणी नदीत सोडतात. म्हणून ऐन मे महिन्यातही ही नदी वाहती. शंभर वर्षांहून जास्त काळ आपण विजेचं उष्टं पाणी पितोय म्हणा ना. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं. तिथं विमानात बसायला आपली पोरं कधी जातील ते माहीत नाही, पण तिथले दिवे, सरकते जिने, पंप, जनरेटर हे कुणाच्या तरी हाताखाली चालतात. घरांच्या छपरांवर सौर पॅनल येताहेत. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे, म्हणून चौकशी आपट्यातही सुरू झाली. पॅनल कुठल्याही कंपनीचं असो, छपरावर चढून त्याची तार मीटरपर्यंत आणायला माणूस गावातलाच लागतो.

चढायचं म्हटल्यावर आई पुन्हा सावरून बसल्या. तर आता तो पोटातला प्रश्न.

हे बघा माझ्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट. सरळ होत नाही. शिकाऊ असताना एका स्विचबोर्डात हात घातला. टेस्टर लावला होता, पेटला नाही, म्हणून म्हटलं, बंद आहे. बंद टेस्टर होता. आधी चालू प्लगमध्ये लावून टेस्टर पेटतो का ते बघायचं, मग कामाच्या जागी लावायचा, मग पुन्हा चालू प्लगमध्ये. तीन सेकंदांचं काम. मी दोन सेकंद वाचवले. चूक माझी. सत्तावीस वर्षं प्रत्येक नव्या बॅचला पहिल्या दिवशी हे बोट दाखवलं, आणि पोरं हसायची थांबायची.

धोका नाही असं सांगणारा निदेशक खोटारडा. पण बहुतेक मुलं खांबावर जात नाहीत. पॅनलवर, मोटारींवर, लिफ्टवर, सबस्टेशनवर, पंपहाऊसवर कामं असतात. जी लाइनवर जातात त्यांचा धोका कामाच्या पद्धतीनं आटोक्यात राहतो. लाइन बंद केल्याचं लेखी परमिट हातात घेतल्याशिवाय चढायचं नाही. फोनवर ‘बंद केलीय रे’ चालत नाही. चढल्यावर आधी तपासायचं, मग डिस्चार्ज रॉडनं तार जमिनीला जोडायची, दोन्ही बाजूंनी. का? कारण वरून पुरवठा बंद असला तरी खालच्या एखाद्या बंगल्यात जनरेटर किंवा इन्व्हर्टर चुकीचा जोडलेला असतो, आणि त्याची वीज उलटी लाइनवर येते. पावसात दोन दिवस अंधार झाला की लोक लाइनमनला फोनवर शिव्या घालतात, ‘लवकर चालू कर’ म्हणून. त्या घाईत पोरगं रॉड न लावता चढतं. तुमचा पोरगा त्या खांबावर असेल असं समजून पुढच्या पावसात फोन करा, एवढंच मागणं आहे.

मुलींच्या आईवडिलांनो, तुम्ही चपला काढून आत येत नाही, पायरीवरूनच विचारता, “मुलींना असतं का हो?” असतं. राखीव जागाही असतात. माझ्या शेवटच्या बॅचांतल्या एका मुलीचा हात असा होता की रिवायंडिंगच्या वेळी मी पोरांना तिच्या टेबलाभोवती उभं करायचो. तांब्याची केसाएवढी बारीक तार, स्लॉटमध्ये एकावर एक न चढता, एनॅमलला ओरखडा न पडता. पोरं तीन कॉइल बिघडवायची तेवढ्यात तिची मोटार फिरायची. ती आज पॅनल बनवणाऱ्या एका कारखान्यात वायरिंगला आहे. प्रत्येक तारेला नंबरचा मणी, प्रत्येक टोकाला लग, आणि दार उघडलं की सगळ्या तारा विंचरून वेणी घातल्यासारख्या. तिच्या वडिलांनी तेव्हा विचारलं होतं, “पण लग्न कसं जमायचं?” जमलं. सासरचा मिक्सर पहिल्याच आठवड्यात तिनं दुरुस्त केला म्हणे. तेव्हापासून तिच्या ड्युटीच्या वेळा सासूला तोंडपाठ आहेत.

एक सावधगिरी सांगून टाकतो, थोडक्यात. खासगी आयटीआय सगळी वाईट नसतात, पण प्रवेश घेण्याआधी त्या व्यवसायाला, त्या तुकडीला केंद्राची संलग्नता आहे का ते विचारा. ‘आहे, प्रोसेसमध्ये आहे’ असं उत्तर आलं तर उठा. एकदा वर्कशॉप बघायला मागा. मोटारींवर धूळ आणि भिंतीवर चकचकीत तक्ते दिसले तर समजून जा. आणि तीन महिन्यांचं ‘इलेक्ट्रिशियन सर्टिफिकेट’ पंखा बसवायला पुरतं, भरतीच्या फॉर्मला नाही. एका घरानं शेताचा तुकडा गहाण टाकून असा कागद आणला होता. मला दाखवला तेव्हा मी चष्मा पुसत बसलो, दुसरं काय करणार?

आमचा हिशेब संपला तेव्हा पत्रिका दोन्ही बाजूंनी भरली होती. आईंनी ती घडी घालून मार्कलिस्टच्या पिशवीत ठेवली. वडिलांनी पायरीवरच्या पोराला हाक मारली, “काय रे, जमेल ना?” तो म्हणाला, “मी कधीचा बोलतोय, तुम्ही कुठं ऐकता?” घरातला जुना रेडिओ त्यानं दोनदा उघडून दुरुस्त केलाय, हे तेव्हा कुठं कळलं.

ती मंडळी गेली, आणि मला गेल्या महिन्यातली गोष्ट आठवली. सूनबाईंनी एसी घेतला, त्यासाठी लोड वाढवायचा होता, आणि टेस्ट रिपोर्ट हवा होता. मी माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याला बोलावलं. तोच, ज्याला मी अकरा वेळा जोड करायला लावला होता. आता ठेकेदार आहे, स्वतःच्या नावाचा परवाना, हाताखाली चार पोरं. म्हटलं, सही करून टाक रे, घर आपलंच आहे. त्यानं चहा बाजूला ठेवला आणि गाडीतून मेगर, अर्थ टेस्टर काढला. बोर्ड उघडले. मग मागच्या परसात गेला, दोन खुंट्या ठोकल्या, वाकून आकडा बघितला आणि थोडा वेळ तसाच बसून राहिला. गुरूला सांगायचं कसं, या विचारात असावा.

“सर, चौदा ओहम येतोय. पाचच्या आत पाहिजे.”

मी म्हटलं, उन्हाळा आहे, खड्ड्यात पाणी घालायचं राहिलं असेल. त्यानं बादलीभर पाणी घातलं, अर्धा तास थांबला आणि पुन्हा मोजलं. अकरा.

“कधी केलंय हे?”

“घर बांधलं तेव्हा.”

“मीठकोळसा बदलला?”

मी गप्प.

“नवीन करावं लागेल, सर. तोपर्यंत सही नाही करणार मी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची दोन पोरं फावडी घेऊन परसात हजर झाली. आठवड्यानं आकडा साडेतीन आला आणि त्यानं सही केली. बिल पूर्ण लावलं होतं, खड्ड्यासकट.